येथे कुलूप घालून मिळेल

डोंबिवलीला गाडीतून उतरून तुम्ही जिन्याने खाली येता आणि वडापावच्या गाडीपाशी थांबता. सुटे पैसे कोणाकडेच नाहीत. गाडीच्या काचेवर काळ्यापांढऱ्या चौकटींचे एक चित्र चिकटवलेले असते. बाबा मोबाइल त्यासमोर धरतात, रक्कम लिहितात, मग अंगठ्याने चार किंवा सहा आकडे दाबतात. दोनतीन सेकंदांत गाडीवरचा लहानसा डबा पैसे मिळाल्याची घोषणा करतो आणि वडापाव तुमच्या हातात पडतो.

आता खाता खाता एका प्रश्नाचा विचार करा. बाबांनी दाबलेले ते आकडे, म्हणजे त्यांचा पिन, कोणाकोणाला कळला? गाडीवाल्याला नाही, हे उघड आहे. ज्या कंपनीचे अ‍ॅप वापरले तिला? नाही. मधल्या वाटेवरच्या संगणकांना? नाही. तुम्ही म्हणाल, निदान बँकेला तरी कळला असेल, नाहीतर ती जुळवून कसा पाहणार? पण गंमत अशी, की बँकेतला एकही कर्मचारी तो आकडा पाहू शकत नाही, आणि खात्यातून पैसे वजा करणाऱ्या बँकेच्या मोठ्या आज्ञावलीलासुद्धा तो ठाऊक नसतो. ती आज्ञावली दुसऱ्याच एका यंत्राला विचारते, "हा बंद लिफाफा घे. आतला पिन या खात्याशी जुळतो का, एवढेच सांग." यंत्र उत्तर देते, "जुळतो." बस्स.

हे दुसरे यंत्र म्हणजे कुलपे घालण्याउघडण्याचे काम करणारे एक दुकानच आहे म्हणा ना. दाराशी पाटी आहे, 'येथे कुलूप घालून मिळेल'. किल्ली मात्र गिऱ्हाइकाला कधीच दाखवली जात नाही. असे दुकान मुळात का काढावे लागले आणि ते कसे चालते, ते आज पाहू.

मजकूर कुलपात ठेवण्याची कला, म्हणजे कूटलेखन, आपल्याकडे नवी नाही. महानुभाव पंथाच्या अनुयायांनी आपले मराठी ग्रंथ 'सकळ' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवले होते. एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर किंवा चिन्ह योजायचे, अशी ती रीत. शतकानुशतके बाहेरच्या माणसाला या पोथ्या उघडून काही उपयोग नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली. त्याच काळात ठाण्यात राहणारे 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे हेही या वाङ्मयाचा कसून अभ्यास करीत होते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, त्यात पुढाकार घेणारे हेच भावे. (ठाण्याच्या वाचकांनी तेथे कधी डोकावले नसेल, तर जरूर जावे.)

मराठी भाषेच्या दृष्टीने ही उकल म्हणजे मोठी लूटच होती. पण आपण कुलपाच्या नजरेने पाहू. एकदा अक्षरांची अदलाबदल कळली, की एक पोथी उघडली असे होत नाही. त्या लिपीत लिहिलेल्या सगळ्याच पोथ्या एकदम उघडतात. कारण त्या कुलपात रीत हीच किल्ली होती. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या पंडिताने १८८३ मध्ये एक कडक नियम सांगितला. कुलपाची सारी रचना शत्रूच्या हाती गेली तरी चालले पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजची कूटलेखनाची पद्धत याच नियमाने चालते. १९७७ साली अमेरिकेत प्रमाण ठरलेली डीईएस ही पद्धत काय, किंवा २००१ साली तिच्या जागी आलेली एईएस काय, तिची प्रत्येक पायरी छापून प्रसिद्ध केलेली आहे. बारावीचा हुशार विद्यार्थीही तिची आज्ञावली लिहू शकेल. गुप्त असते ती किल्ली, म्हणजे एक आकडा. एईएसच्या सर्वांत लहान किल्लीतही १२८ बिट असतात, म्हणजे शून्य किंवा एक अशा १२८ जागा. अशा किल्ल्यांच्या संख्येला लिहायला ३९ अंक लागतात. एकेक किल्ली लावून पाहत बसणे व्यर्थ आहे, हे वेगळे सांगायला नको.

मग चोर काय करतो? तो कुलपाच्या नादी लागतच नाही. तो किल्ली कुठे ठेवली आहे ते शोधतो.

आणि इथेच खरी पंचाईत आहे. समजा, एका कचेरीत पन्नास आज्ञावल्या चालतात. एक कराच्या पावत्या काढते, एक पगाराची, एक पत्त्यांची नोंद ठेवते. प्रत्येकीला थोडाफार मजकूर कुलपात ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येकीत किल्ली लिहून ठेवली. आता आज्ञावली लिहिणाऱ्याला किल्ली ठाऊक झाली. आज्ञावलीची प्रत ज्याने ज्याने घेतली, त्याच्याकडेही ती गेली. रात्री सगळ्या मजकुराची जादा प्रत काढून कपाटात ठेवतात, त्या प्रतीतही किल्ली आहे. आज्ञावली चालू असताना ती संगणकाच्या स्मृतीत उघडी पडलेली असते, ती वेगळीच. नोकरी सोडून गेलेला माणूस कागद परत करून जाईल, डोक्यातला आकडा कसा परत करणार?

तुमच्या इमारतीचेच उदाहरण घ्या. कल्याण-डोंबिवलीत चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. गच्चीवर पाण्याची टाकी, गच्चीला कुलूप. चाळीस घरांत चाळीस किल्ल्या वाटल्या तर एक हरवली, एक दुरुस्तीला आलेल्याने नेली, एकीची नक्कल स्टेशनाजवळच्या चावीवाल्याकडून झाली, असे होणारच. आणि कुलूप बदलायचे म्हटले की चाळीस घरांची दारे ठोठवा! शहाणी सोसायटी काय करते? किल्ली एकच, ती वॉचमनकाकांकडे. ज्याला गच्चीत जायचे असेल त्याने त्यांना सांगावे, त्यांनी वहीत नाव लिहून घ्यावे आणि स्वतः येऊन दार उघडावे. किल्ली हातात द्यायची नाही. द्यायचे ते काम करून.

संगणकांच्या जगात हे 'काम करून देणे' कसे घडते? आज्ञावली लिहिताना एकच काम पुनःपुन्हा लागते. निकालपत्रके तयार करणाऱ्या आज्ञावलीला दर मुलामागे टक्केवारी काढावी लागते. ती पायऱ्यांची मालिका एकदाच लिहून तिला नाव देतात. हिला प्रोसीजर म्हणतात. मुख्य आज्ञावली फक्त हाक मारते, "टक्केवारी, हे गुण घे." प्रोसीजर काम करते, उत्तर हातात ठेवते, आणि मुख्य आज्ञावली थांबली होती तेथून पुढे चालू लागते.

आता कल्पना करा, की ही प्रोसीजर दुसऱ्याच संगणकात आहे. हाक मारणारी डोंबिवलीत आणि काम करणारी ठाण्यात. याला रिमोट प्रोसीजर कॉल, म्हणजे दुरून मारलेली हाक, असे नाव आहे. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ही कल्पना पक्की करून १९८४ साली तिचा गाजलेला निबंध लिहिला. त्यातले कसब असे, की हाक मारणाऱ्या आज्ञावलीला अंतराचा पत्ताच लागू द्यायचा नाही. तिच्या शेजारी एक छोटी मदतनीस आज्ञावली बसवलेली असते. मुख्य आज्ञावली तिलाच खरी प्रोसीजर समजून हाक मारते. मदतनीस मजकुराचे गाठोडे बांधते, तारेवरून पलीकडे पाठवते, उत्तराची वाट पाहते, आलेले गाठोडे सोडते आणि उत्तर मुकाट्याने पुढे करते.

आगगाडीच्या कारभारात हे फार पूर्वीपासून चालत आले आहे. आपल्या उपनगरी मार्गावर आता स्वयंचलित सिग्नल आहेत. पण देशातल्या कितीतरी मार्गांवर एका स्टेशनचा स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय गाडी सोडत नाही. "लाइन क्लिअर आहे का?" हा प्रश्न जातो, तो थांबतो, होकार आला की मगच सिग्नल पडतो. विचारणे, थांबणे, उत्तर घेणे, पुढे जाणे. हाक दुरून मारली एवढेच.

पण दुरून हाक मारण्यात एक अडचण आहे. एकाच खोलीतल्या माणसाला हाक मारली तर त्याने ऐकली की नाही ते दिसते. दुरून उत्तर आले नाही तर दोन शक्यता उरतात. हाक पोचलीच नसेल, किंवा हाक पोचून काम झाले असेल आणि उत्तरच वाटेत हरवले असेल. मग पुन्हा हाक मारावी का? 'या मजकुरावर कुलूप घाल' असे दोनदा सांगितले तर काही बिघडत नाही, फार तर दोन बंद लिफाफे मिळतील. पण 'खात्यातून वीस रुपये वजा कर' हे दोनदा सांगून कसे चालेल? मोबाइलवर पैसे देताना कधीकधी 'प्रतीक्षेत' असे काहीतरी दिसून सारेच ताटकळतात, त्यामागे पुष्कळदा हाच पेच असतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक विनंतीला एक स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला तर पलीकडची आज्ञावली काम पुन्हा न करता आधीचेच उत्तर परत पाठवते.

आता कुलपाचे दुकान आणि दुरून मारलेली हाक यांची गाठ घालू. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या संगणकांत 'कीसर्व्ह' नावाची एक आज्ञावली आली. माणूस संगणकावर कामाला बसला की त्याची गुप्त किल्ली या एका आज्ञावलीच्या स्वाधीन व्हायची. मग इतर आज्ञावल्यांना कूटलेखनासाठी किल्लीची गरज पडली की त्या कीसर्व्हला हाक मारीत. ती आपल्याजवळच्या गुप्त किल्लीच्या जोरावर तेवढ्या वेळेपुरती नवी किल्ली सिद्ध करून देई. मूळ किल्ली मात्र तिच्या पोटातच राही. सोसायटीचे वॉचमनकाकाच ते!

कल्पना उत्तम होती, कुलूप मात्र लेचेपेचे निघाले. त्या पद्धतीत १९२ बिटांची एक अविभाज्य संख्या वापरली होती. १९९१ साली लामाकिया आणि ओडलिझ्को या गणितज्ञांनी दाखवून दिले, की एवढ्या लहान संख्येवर उभी राहिलेली गुप्तता टिकणारी नाही. दुसरा आधार होता ५६ बिटांच्या किल्लीच्या डीईएसचा. १९९८ मध्ये खास बांधलेल्या एका यंत्राने सगळ्या किल्ल्या लावून पाहण्याचा सपाटा लावला आणि ५६ तासांत हवी ती किल्ली शोधली. ५६ बिट आणि ५६ तास, हा निव्वळ योगायोग बरे का!

शिवाय कीसर्व्ह ही शेवटी एक आज्ञावलीच. ज्याच्या हाती संपूर्ण संगणक आला, त्याला तिचे पोटही उघडता आले. म्हणून आज बँकांत हे काम एका वेगळ्या पोलादी पेटीकडे दिलेले असते. तिला हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल म्हणतात. आपण नुसते 'पेटी' म्हणू. पेटीत स्वतःचा छोटा संगणक असतो, किल्ल्या असतात आणि त्यांचे रक्षण करणारे संवेदक असतात. कोणी झाकण उचकटले, भोक पाडू लागले, की पेटी आपल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकते. किल्ली बाहेर दे, अशी विनंती तिला समजतच नाही. तिच्या भाषेत ते वाक्यच नाही. कुलूप घाल, कुलूप काढून आतला पिन ताडून पाहा, एका किल्लीचे आवरण उतरवून दुसऱ्या किल्लीचे चढव, अशी ठरावीक कामे तेवढी ती करते.

तुम्ही विचाराल, पेटीत पहिली किल्ली घालणाऱ्या माणसाला तर ती कळणारच ना? पुष्कळ किल्ल्या पेटी स्वतःच आतल्या आत निर्माण करते, तेव्हा हा प्रश्न येत नाही. पण बाहेरून घालावीच लागली तर ती तुकड्यांनी घालतात. समजा, किल्ली ७३९१ आहे. पहिल्या अधिकाऱ्याजवळ ९४२८ आणि दुसऱ्याजवळ ८९७३ असे आकडे आहेत. दोघे एकमेकांना न दाखवता आपापला आकडा पेटीत घालतात. पेटी अंकाखाली अंक मांडून बेरीज करते आणि हातचा सोडून देते. ९ आणि ८ सतरा, म्हणजे ७. ४ आणि ९ तेरा, म्हणजे ३. २ आणि ७, ९. ८ आणि ३ अकरा, म्हणजे १. किल्ली तयार! आता विचार करा. पहिल्याला आपला आकडा ठाऊक आहे, त्यावरून किल्लीबद्दल त्याला किती कळले? काहीच नाही. दुसरा आकडा कोणताही असू शकतो, म्हणून किल्लीही कोणतीही असू शकते. अर्धी किल्ली म्हणजे अर्धी माहिती, असे इथे होत नाही. कागदावर करून पाहा, पटेल.

अजून एक गाठ उरली. पेटी आहे बँकेत आणि पिन दाबला जातो डोंबिवलीच्या रस्त्यावर. मोबाइलमध्ये गुप्त किल्ली ठेवली तर तो चोरीला जाऊ शकतो. मग लिफाफ्याला कुलूप घालणार कशाने? येथे १९७० च्या दशकात सापडलेली एक युक्ती उपयोगी पडते. दोन किल्ल्यांचे कुलूप. एका किल्लीने ते फक्त लागते, दुसरीने फक्त उघडते. लावायची किल्ली साऱ्या जगाला वाटून टाकली तरी चालते. रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेले असे एक कुलूप, आरएसए, तुम्हाला आठवीच्या गणितात करून पाहता येईल.

व्यंजनांना क्रमांक द्या. क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५, च ६, असे करत स ला ३२ येतो. कुलूप लावायची रीत अशी. क्रमांकाचा घन करा, त्याला ३३ ने भागा, बाकी लिहा. डोंबिवलीतली व्यंजने ड, ब, व, ल, म्हणजे १३, २३, २९, २८. तेराचा घन २१९७, ३३ ने भागून बाकी १९. तसेच पुढे केले की १९, २३, २, ७ असे येते. उघडायची रीत अशी. आलेल्या संख्येचा सातवा घात करा, ३३ ने भागा, बाकी घ्या. २ चा सातवा घात १२८, बाकी २९. व परत आला! (मधला ब जसाच्या तसा राहिला, हा संख्या लहान असण्याचा दोष.) ३ आणि ३३ हे जाहीर, ७ गुप्त. ३३ चे अवयव ३ आणि ११ ज्याला सापडले, त्याला ७ हा आकडाही काढता येतो. ३३ चे अवयव कोणीही सांगेल. खऱ्या कुलपात त्या जागी सहाशेहून अधिक अंकी संख्या असते. तिचे अवयव पाडण्याची झटपट रीत आजच्या संगणकांपाशी नाही.

आता एक कोडे. ठाणे आणि डोंबिवली यांच्या मधल्या एका स्टेशनच्या नावातली व्यंजने कुलपात घातली, तेव्हा १६, २३, १५ असे आले. स्टेशन कोणते? सातव्या घाताने उत्तर मिळेलच. पण तुमच्यातला एखादा वात्रट मुलगा दुसराच मार्ग काढील. तो म्हणेल, "मला ७ कशाला हवा? मधली स्टेशने कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर एवढीच. लावायची किल्ली तर जाहीरच आहे. एकेक नाव कुलपात घालून पाहतो, जे जुळेल ते उत्तर."

त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे आणि ते भयंकरही आहे. चार आकडी पिन दहा हजारच असतात. जाहीर किल्लीने दहा हजार लिफाफे तयार करून ठेवले, तर वाटेतला कोणताही लिफाफा नुसता पाहून ओळखता येईल. कुलूप न फोडता! म्हणून नुसता पिन कधीच कुलपात घालत नाहीत. त्याच्या जोडीला दर वेळी नवे, वाटेल ते आकडे मिसळतात. मग तोच पिन उद्या पुन्हा दाबला तरी लिफाफा निराळाच दिसतो.

२०१६ साली सुरू झालेल्या आपल्या यूपीआय व्यवस्थेत, अ‍ॅप कोणतेही असो, पिन दाबण्याचा पडदा त्या अ‍ॅपचा नसतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने दिलेल्या एका वेगळ्या आज्ञावलीचा तो असतो. अ‍ॅप तिला हाक मारते आणि तिच्याकडून बंद लिफाफा घेते. तो लिफाफा मजल दरमजल करत बँकेत पोचतो आणि पेटीतच उघडतो. चुकीचे पिन किती वेळा आले, ही मोजदाद मात्र बँकेच्या बाजूलाच करावी लागते. मोबाइलवर भरवसा ठेवून भागत नाही, कारण दहा हजार वेळा बोटे चालवायला यंत्राला कंटाळा येत नाही.

लिफाफा लहान आहे तोवर हे सारे ठीक. पण भलामोठा मजकूर असेल तर? त्याच संगणकातली प्रोसीजर जेवढ्या वेळात काम उरकते, त्याच्या हजारो पट वेळ दुरून मारलेल्या हाकेला लागू शकतो. शिवाय आरएसएची रीत मुळातच संथ. तेव्हा दोन कुलपे वापरतात. मजकूर झटपट चालणाऱ्या एईएसने, त्याच वेळी तयार केलेल्या किल्लीने बंद करायचा, आणि ती इवलीशी किल्ली तेवढी आरएसएच्या कुलपात घालायची. आधारची पडताळणी अशीच चालते. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पुढे २०१७ मध्ये असा दंडक घातला गेला, की ज्या संस्था आधार क्रमांक साठवतात त्यांनी ते एका वेगळ्या तिजोरीत कुलूपबंद ठेवावेत आणि त्या कुलपाची किल्ली पेटीतच असावी. संस्थेच्या इतर आज्ञावल्यांत मूळ क्रमांकाच्या जागी एक निरर्थक संदर्भक्रमांक फिरतो. खरा क्रमांक हवा असेल तर तिजोरीला हाक मारायची, आणि कोणी, केव्हा मागितला याची नोंद तेथे होते.

आता या व्यवस्थेच्या सर्वांत नाजूक जागेकडे येऊ. पेटी मजबूत आहे, कुलूप मजबूत आहे. पण हाक मारणारा खरा की तोतया, हे पेटीला कसे कळावे? आणि उत्तर देणारी पेटी खरी की कोणी दुसरेच बोलते आहे, हे हाक मारणाऱ्याला?

स्टेशनमास्तरांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला आहे. टेलिफोनवर महत्त्वाचा निरोप देताना ते एक 'प्रायव्हेट नंबर' सांगतात. आधी छापून दिलेल्या यादीतला हा दोन आकडी नंबर एकदा वापरला की खोडून टाकायचा. निरोप खरोखर आपल्याच माणसाचा आहे आणि आत्ताचा आहे, कालचा नाही, याची ती खूण. संगणकांमध्येही दोन्ही बाजू आपापली ओळखपत्रे दाखवतात, प्रत्येक बोलण्यात पुन्हा न येणारा आकडा मिसळतात, आणि मगच कामाला लागतात.

यात हयगय झाली किंवा मधली जागाच शत्रूच्या ताब्यात गेली तर काय होते, ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बाबतीत दिसले. बनावट कार्डे घेतलेल्या माणसांनी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. दोन दिवसांनी आणखी एक मोठी रक्कम हाँगकाँगला वळवण्यात आली. एकूण नुकसान ९४ कोटी रुपयांच्या घरात गेले. तपासात आढळले ते असे. एटीएमकडून येणारा 'पैसे देऊ का?' हा प्रश्न ज्या स्विचमधून बँकेच्या मूळ यंत्रणेकडे जायचा, त्याच्या जागी हल्लेखोरांनी एक खोटा स्विच उभा केला होता. प्रश्न मूळ यंत्रणेपर्यंत पोचलाच नाही. खोटा स्विच मधल्यामधे 'द्या' म्हणत राहिला. खातेदारांची खाती जेथे होती ती मूळ यंत्रणा बाजूलाच राहिली. तिला कोणी विचारलेच नव्हते! लाइन क्लिअर दिली, पण दिली ती पुढच्या स्टेशनमास्तराने नव्हे.

पेटीच्या बाबतीतही हेच लागू आहे. हक्काच्या आज्ञावलीवर शत्रूने कबजा केला, तर ती पेटीला अगदी रीतसर हाक मारील, आणि पेटी मुकाट्याने कुलपे उघडून देईल. किल्ली चोरीला जाणार नाही, पण काम चोराचे होईल. म्हणून कोणत्या आज्ञावलीला कोणते काम सांगता येईल याची यादी पेटीपाशी असते. पावत्या काढणारीला कुलूप घालता येते, उघडता येत नाही, असे. एरवी मिनिटाला दहा लिफाफे आणणारी आज्ञावली एका रात्री दहा हजार घेऊन आली, तर दार बंद करून माणसाला उठवायचे. वॉचमनकाकांची वही इथे कामाला येते.

या दुकानाचा आणखी एक फायदा येत्या वर्षांत कळून येईल. १९९४ साली पीटर शोर या गणितज्ञाने दाखवले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बांधता आला तर आरएसएमधल्या त्या अजस्र संख्यांचे अवयव तो झपाट्याने पाडील. तसा संगणक अजून कोणी बांधल्याचे जाहीर झालेले नाही. तरी अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला पुरून उरतील अशा नव्या पद्धतींची पहिली तीन प्रमाणे जाहीर केली. म्हणजे जगातली कुलपे बदलायची आहेत. ज्या कचेरीत पन्नास आज्ञावल्यांत कुलूप आणि किल्ली दोन्ही कोरून ठेवली आहेत, तेथे पन्नास आज्ञावल्या उकलाव्या लागतील, आणि त्यांतल्या निम्म्या लिहिणारे कधीच निवृत्त झालेले असतील. जेथे आज्ञावली नुसते 'यावर कुलूप घाल' एवढेच म्हणते, कोणते ते म्हणत नाही, तेथे बदल बव्हंशी दुकानातच होतो. दर लिफाफ्यावर कुलपाचा क्रमांक लिहिलेला असतो. नवे लिफाफे नव्या कुलपात जातात. जुन्या किल्ल्यांवर पेटीत 'फक्त उघडण्यासाठी' अशी खूण पडते. एकेक जुना लिफाफा पेटीच्या आत उघडून नव्या कुलपात घालतात, आणि शेवटचा झाला की जुनी किल्ली पुसून टाकतात.